आग्रह तीन वेळा, मालकाने स्वतः

आमच्या १९५२ सालच्या मोटारीचा रेडिएटर तीनदा आग्रह केल्याशिवाय पाणी घेत नाही. गाडीच्या कागदांत इंजिन नंबराच्या खाली तशी नोंदच आहे: 'आग्रह तीन वेळा, मालकाने स्वतः.' न विचारता ओतलं तर तो सगळं पाणी बाहेर टाकतो. मी त्याचं काय करायचं ठेवलंय? दर सहा महिन्यांनी आतला गंज धुऊन काढतो, रबरी नळ्या दाबून बघतो, पंख्याचा पट्टा ताणतो. तरी ह्या पितळी जावयाचा मान काही संपत नाही!

परवा तर कहर झाला. माझी थोरली बहीण कुमुदताई मलकापूरचं घर बंद करून चार वाजता मुलाकडे बंगळूरला निघणार होती, कायमची. नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आज गाठलं नाही तर पुन्हा कुठली भेट! मी आणि गाडीची देखभाल करणारे मुकादम मेस्त्री देवरूखहून निघालो आणि आंबा घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा लालात गेला. बॉनेटमधून वाफ यायला लागली.

मेस्त्रींनी इंजिन चांगलं निवू दिलं, फडकं टाकून झाकण बेताबेतानं सैल केलं आणि कळशी माझ्या हातात दिली.

"पाणी घेता का?" मी विचारलं.

"नको, आत्ताच झालं," रेडिएटर म्हणाला.

आत्ताच झालं! आत ठणठणाट, आणि म्हणे आत्ताच झालं!

"अहो, घ्या थोडं."

"खरंच नको. तुम्ही उगाच त्रास घेताय."

"घ्या म्हणतो ना!" मी ओरडलो.

"हा आग्रह नव्हे, हा दम झाला," रेडिएटर शांतपणे म्हणाला. "पहिल्यापासून धरावं लागेल."

तीन वाजून गेले होते. "मेस्त्री, पाहिलंत? तहान ह्याला लागलीय आणि हात मी जोडायचे! कसला हा मेला मानपान?"

मेस्त्री फडकं पिळत म्हणाले, "दादा, ताईंच्या नातवाच्या बारशाला त्यांनी तुम्हाला श्रीखंड एकदाच विचारलं. तुम्ही नको म्हणालात, त्या पुढं सरकल्या, तुम्ही भरल्या पानावरून उठलात. मी होतो ना पंगतीला."

"तो वेगळा विषय आहे!"

"विषय तोच आहे," रेडिएटर म्हणाला.

अस्सा राग आला! कळशी दरीत भिरकावणार होतो, पण पाणी तेवढंच होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोनदा नको झालं. तिसऱ्यांदा मी कळशी खाली ठेवून हात जोडले. "घ्या हो," मी म्हणालो, "माझी शपथ आहे. ताई निघून जाईल."

"बरं, एवढं म्हणताय तर," तो म्हणाला. मेस्त्रींनी इंजिन चालू केलं, मी बारीक धार धरली आणि त्यानं अख्खी कळशी संपवली.

चारला दहा कमी असताना पोचलो. ताई दारात कुलूप हातात घेऊन उभी होती. माझ्याकडे बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. भांडी सगळी गोणपाटात शिवलेली दिसत होती.

"चहा घेणार का?" तिनं रीत म्हणून विचारलं.

"हो," मी म्हणालो.

ताईनं कुलूप खाली ठेवलं आणि गोणपाटाची शिवण उसवायला बसली.

अंगणातून रेडिएटर मोठ्यानं म्हणाला, "हावरट!"