सर्जेराव वाकतात

आमचे हे मक्याच्या प्लास्टिकचे आहेत, आत अंबाडीच्या तंतूंचा वाख भरलेला आहे, आणि दिवाळसणाला माझ्या आईनं कढत पाण्यानं न्हाऊ घातल्यापासून ते वाकायला लागलेत.

स्थळ आलं तेव्हा आमच्याकडं कुणी नाक मुरडलं नाही. कारखाना माहितीतला, माल खात्रीचा, नाव सर्जेराव. माझ्या मामानं एवढंच विचारलं, "पुरलं तर माती होतंय का?" होतं म्हटल्यावर "मग आपल्यातलंच हाय," म्हणाला आणि सुपारी फुटली.

पहिल्या दिवाळीला आईनं यांना पाटावर बसवलं, तेल चोळलं, उटणं लावलं आणि बंबातलं पाणी तसंच ओतलं.

"सोसतंय का पाव्हणं?"

"सोसतंय की मामी." सासूला हे मामीच म्हणतात.

आमच्याकडं जावई सासुरवाडीच्या पाण्याला नाव ठेवत नाही. अंघोळ झाली, हे आईच्या पाया पडायला वाकले आणि पुरते वर आलेच नाहीत. आईला काय आनंद! गल्लीभर सांगत सुटली, "आमचं पाव्हणं अजून नमस्कारातच हाईत." खोटं कशाला बोलू, मीही मिरवले.

पण तुळशीचं लग्न झालं, संक्रांत झाली, आणि हे प्रत्येक सणाला आणखी थोडे खाली. शेवटी कारखान्यातून नदाफ साहेब आले. त्यांनी यांना भिंतीशी उभं केलं आणि पाठीला मोजपट्टी लावली.

"गरम पाण्यानं नरम पडलेत. ओल वाखापर्यंत गेलीय," ते म्हणाले. "आता वजनानं वाकत राहणार."

"वजन कसलं? मी यांना दळणाचा डबासुद्धा उचलू देत नाही!"

"स्वतःचंच, वहिनी. डोकं, खांदे. असतं थोडंच, पण ते कधी खाली ठेवता येत नाही ना. वाख धरून आहे म्हणून एवढे तरी उभे आहेत."

उपाय होता. साच्यात घालून तापवलं की माणूस सरळसोट.

"मग घाला की!" मी म्हटलं.

"घालू. पण आजवर जे सोसलं ते सगळं अंगातून जातं. पहिल्या दिवसासारखे निघतील. तुम्हाला ओळखणार नाहीत."

"आणि नाही घातलं तर?"

"तर एक दिवस जमिनीला टेकतील. पुढचं काम मातीचं."

मी जी भडकले! कारखान्याचा उद्धार केला, साच्याचा केला. नदाफ साहेबांनी ते सगळं मान हलवत ऐकून घेतलं. हे मात्र हळूच म्हणाले, "घाल मला साच्यात, शालन. तुझ्याकडं बघायचं तर मान मुरगळते. परत लग्न करू, त्यात काय एवढं?"

"आणि तुम्ही मला विचारणार, बाई, आपण कोण? गप बसा!" म्हणाले खरी, पण मला रडू आवरेना. हा माणूस मला हवा होता. वाकडा असला तरी हाच.

बातमी कळली तशी आई आली. उंबऱ्यातच बसली, पाणीसुद्धा घेईना.

"माझ्या हातनं झालं की गं हे. आन मी येडी गल्लीत मिरवत हुते. जावा पाव्हणं, सरळ हुन या. माझी शपथ हाय."

हे भिंत धरत धरत तिच्यापाशी गेले.

"मामी, कारखान्यात आम्हाला फडक्यानं पुसायचे. अंघोळ मला घातली ती तुम्ही. तेवढीच. ती अंगातून गेली तर सरळ होऊन मी करू काय?"

आईनं पदर तोंडाला लावला. साच्याचं नाव त्यानंतर आमच्या घरात कुणी काढलं नाही.

नदाफ साहेबांनी जाताना एक सांगितलं होतं, की रोज थोडा वेळ वजन उतरवलं तर वाकणं थांबणार नाही, पण रेंगाळेल. वजन उतरवायचं म्हणजे दुसऱ्या कशावर तरी ठेवायचं. खुर्ची यांना रुतते. म्हणून रोज कामं आवरली की मी पुढच्या सोप्यात जमिनीवर बसते आणि हे माझ्या पाठीला पाठ लावून सगळा भार टाकतात. मी शेंगा निवडते, हे दिवसभरातलं काहीबाही सांगतात. फार बरं वाटतं.

परवा नदाफ साहेब पुन्हा आले. यांना मोजलं, बरं आहे म्हणाले. मग माझ्याकडं बघत राहिले.

"वहिनी, जरा भिंतीशी उभ्या राहता?"

राहिले. त्यांनी पट्टी माझ्या पाठीला लावली.

"तुम्हीही वाकायला लागलाय."

"किती?"

"हे सुरुवातीला वाकले असतील, त्यापेक्षा थोडं जास्तच."

हे खालून म्हणाले, "हिला साच्यात घालायची नाही."

"नाही घालत," नदाफ साहेब म्हणाले आणि चहाला बसले.