‘टेक’चा तास आणि मुरादची बॅग

सुम्बुलचा बेत इतका चोख होता, की त्यात खोट काढायला खुद्द सुम्बुललाही जागा सापडत नव्हती. आधी नोकरी मिळवायची, मग घरात सांगायचं. बस्स! नाहीच मिळाली, तर सांगायचा प्रश्नच मिटला. कुणाचा होकार नको, नकार नको, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचा विषय तर नकोच नको.

हा गुडघ्यांचा विषय जरा नीट समजून घ्यायला हवा. गेल्या वर्षी तिने सहज विचारावं तसं विचारलं होतं, की अम्मी, मी शाळेत शिकवायला जाऊ का? त्यावर अम्मींनी, म्हणजे अमिरुन्निसाबींनी, फक्त दोन्ही गुडघे चोळायला घेतले. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडानेही ज्यांच्यापुढे हात टेकले होते, ते हे गुडघे! त्यांच्या भरवशावर रांगतं पोर कसं टाकणार? आणि आता तर अयान रांगत नव्हता, पळत होता. नवरा मुराद कतारला. घरात माणसं तीन, त्यातलं एक पळणारं, एक गुडघे धरून बसणारं. उरली सुम्बुल.

अशात पोलादपूरच्या वाटेवरच्या एका इंग्रजी शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका प्रियदर्शिनी मॅडम म्हणाल्या, पाचवीवर एक तास घेऊन दाखवा. रोजच्या वापरातलं एखादं छोटं इंग्रजी क्रियापद निवडा आणि त्याचे जमतील तेवढे अर्थ मुलांना शिकवा.

सुम्बुलने ‘टेक’ निवडलं. केवढंसं ते! तिला वाटलं, अयानला भरवता भरवता होईल तयारी.

पण ते ‘टेक’ निघालं एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखं. घरातली सगळी कामं त्याच्याच गळ्यात! औषध पोटात गेलं तरी टेक, फोटो काढला तरी टेक, टॅक्सी पकडली तरी टेक. टोपी उतरवली तरी टेक, विमान उडालं तरी टेक, आणि पोरगं बापाच्या वळणावर गेलं तरी टेकच. दुपारी अयान झोपला की ती पुस्तक उघडायची आणि तो उठेपर्यंत ‘टेक’ला आणखी दोन पोरं झालेली असायची.

मग एका दुपारी तिच्या ध्यानात आलं, की आपलं ‘घेणं’ तरी काय कमी आहे? आपण चहा घेतो, पोराला कडेवर घेतो, झोप घेतो, एखादी गोष्ट मनावर घेतो, एखाद्याला फैलावर घेतो, आणि जाताना निरोपही घेतो. हे सुचल्यावर तिला धीर यायला हवा होता. झालं उलटंच. संध्याकाळी “अम्मी, चहा घ्या,” म्हणायला तोंड उघडलं आणि हा कुठला ‘घ्या’ याचा विचार करत ती कप धरून उभीच राहिली. चहावर साय आली. अम्मींनी सुनेकडे बारकाईने पाहिलं आणि कप स्वतःच्या हाताने ओढून घेतला. हाही एक ‘टेक’च, असं सुम्बुलच्या मनात आलं, आणि तिला वाटलं, आपल्याला वेड लागणार.

शेवटी तिने युक्ती काढली. मुलांना वस्तू दिसली की शब्द आठवतो. तेव्हा एक बॅग न्यायची आणि तिच्यातून एकेक वस्तू काढत एकेक अर्थ सांगायचा. तिने माळ्यावरची मुरादची भलीमोठी चाकांची बॅग खाली काढली, पुसली, आणि तिच्यात छत्री, टोपी, औषधाची रिकामी बाटली, अयानचं खेळण्यातलं विमान असा संसार भरला. शाळेच्या अर्जाला लागतात म्हणून बाजारात जाऊन पासपोर्ट साइज फोटो काढून आणले. आणि खिडकीशेजारच्या आरशासमोर उभी राहून रोज दुपारी सराव सुरू केला.

आता चवदार तळ्यामागच्या या गल्लीची एक रीत सांगायला हवी. इथे एका घराआड एक माणूस आखातात. माळ्यावरची बॅग खाली उतरते ती विमानात चढण्यासाठीच. पाहुणेरावळ्यांकडे जायला पिशव्या असतात. आणि बॅग उतरली तरी कुणी कुणाला विचारत नाही, की कुठे चाललीस, कधी चाललीस. विचारलं की नजर लागते, व्हिसा अडकतो. म्हणून चौकशी नाही, अभिनंदन नाही. आपल्या माणसासाठी द्यायचं ते पार्सल गुपचूप नेऊन ठेवायचं. जाणाऱ्याने समजून घ्यायचं. सुम्बुलला कुठे जायचंच नव्हतं, त्यामुळे तिला ही रीत आठवलीच नाही.

शेजारच्या मेहविश भाभींनी बॅग पाहिली होती, फोटो पाहिले होते, आणि आता खिडकीतून त्यांच्या कानावर रोज येत होतं: टेक द बेबी. टेक अ टॅक्सी. द प्लेन टेक्स ऑफ. भाभींचं इंग्रजी शाळेतच राहिलेलं, पण बेबी, टॅक्सी आणि प्लेन कळायला कितीसं इंग्रजी लागतं!

दुसऱ्याच दिवशी त्या आंब्याच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. “हे राहू दे तुझ्याकडे,” म्हणाल्या, आणि डोळ्यांना ओढणी लावत निघून गेल्या. सुम्बुलला भरून आलं. अंगावर पाजणारी बाई वाळली की शेजारणीला दिसतंच! तिने त्याच दुपारी भाकरीबरोबर लोणच्याचा चांगला समाचार घेतला.

मग सुके बोंबील आले. मग कोकम आलं. मग कुणीतरी कुकरची रिंग आणून दिली. सुम्बुलच्या कुकरला ती बसेना, तरी तिने आभार मानले. कुडपणहून डोंगर उतरून नाचणी विकायला येणाऱ्या बनुबाईंनी तर नाचणीच्या पिठाची घट्ट बांधलेली पिशवीच दिली, वर ‘सुशांत’ असं नाव घातलेली. बनुबाईंचा सुशांत कतारलाच ड्रायव्हर होता, पण ते सुम्बुलला कुठे माहीत? तिला वाटलं, सुशांत हा गिरणीवाला असावा. बोंबलांची चटणी झाली, पिठाची भाकरी झाली. गल्लीने आपल्याला दत्तकच घेतलंय, असं तिला वाटायला लागलं.

घरात मात्र काहीतरी भलतंच चाललं होतं. अम्मी बोलेनाशा झाल्या होत्या. अयानला मात्र खाली ठेवत नव्हत्या. त्याला न्हाऊ घालत, त्याच्याशी कुजबुजत, आणि सुम्बुल आली की गप्प होत. एक दिवस ऐन उन्हाळ्यात त्या त्याच्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला बसल्या. सुम्बुलने विचारलं, तर म्हणाल्या, “तिथं एसी लय असतो म्हणं.” तिथं म्हणजे कुठं, हे विचारायचा धीर सुम्बुलला झाला नाही. तिला वाटलं, गुडघ्यांचं दुखणं आता वर चढत चाललंय.

मुरादही बदलला. फोनवर म्हणाला, एक रूम बघितली, किचन शेअरिंगमध्ये आहे, खिडकीतून पार्किंग दिसतं. तुला चालेल ना?

नवरा रूम बदलतोय आणि बायकोला विचारतोय! सुम्बुल विरघळली. म्हणाली, “मला काय, तुम्हाला आवडली म्हणजे झालं.” तिकडे मुरादला शोएबने, म्हणजे कतारलाच असलेल्या मेहविश भाभींच्या नवऱ्याने, सांगून ठेवलं होतं, की वहिनी गुपचूप येऊन तुला चकित करणार आहे, तू कळल्याचं दाखवू नको. बिचारा दाखवत नव्हता.

तासाचा दिवस उजाडला. सुम्बुल न्हाऊन, इस्त्रीचा ड्रेस घालून तयार झाली. अम्मींना ‘पोलादपूरला मैत्रिणीकडे जाऊन येते’ असं सांगायचं, ही थाप पाठ होती. पण घरात ना अम्मी, ना अयान, ना बॅग! ती दाराबाहेर आली, तर सगळी गल्ली उभी. बॅग बाहेर ओट्यावर होती, आणि मेहविश भाभींच्या हातात मोगऱ्याचा हार होता. तो त्यांनी सुम्बुलच्या गळ्यात घातला. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दुआ पुटपुटून तिच्यावर फुंकर घातली. बनुबाई डोळे पुसत होत्या.

सुम्बुलला वाटलं, कळलं वाटतं सगळ्यांना! एका तासासाठी एवढी माया? तीही रडायला लागली. मग तर सगळीच रडायला लागली.

अम्मी पुढे आल्या. अयान स्वेटरमध्ये घामाने निथळत होता. त्यांनी त्याला तिच्यापुढे धरलं. “घे गो,” त्या म्हणाल्या. “तुझं लेकरू हाय. माझी याद देत जा त्याला.”

“याला कुठे नेऊ अम्मी? याला तर तुमच्याकडेच ठेवणार होते.”

रडणं एकदम थांबलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. दूधपितं पोर टाकून निघाली! बोलायचं धाडस फक्त बनुबाईंनी केलं. “आगो, गाय तरी जाते काय असं वासरू सोडून?”

“पण दोन वाजेपर्यंत तर येतेच आहे मी परत.”

“कतारवरनं?” मेहविश भाभी म्हणाल्या.

“कतार? पोलादपूरच्या वाटेवर शाळा आहे. तिथं तास घ्यायचाय.”

आणि मग, वडापची मिनिडोअर रिक्षा नाक्यावर हॉर्न देत असताना, सुम्बुलने चोख बेत एका दमात सगळ्या गल्लीसमोर ओतला. शाळा, क्रियापद, बॅग, फोटो. कुठे लपवाछपवी केली आणि का केली, सगळं. शेवटी ती अम्मींकडे वळली आणि जे वर्षभर विचारायचं टाळलं होतं, ते गळ्यात हार असतानाच विचारलं.

“अम्मी, मी नोकरी केली तर याला सांभाळाल?”

अम्मींनी तिच्याकडे पाहिलं, अयानकडे पाहिलं. ओट्यावर टेकल्या, त्याला मांडीवर घेतलं आणि त्याचा स्वेटर काढू लागल्या. “जा. उशीर होतोय,” एवढंच म्हणाल्या. हा होकार होता की राग, सुम्बुलला काही कळलं नाही. विचारायला वेळ नव्हता. बॅग ओढत ती धावली. तिला पाठीमागून एवढंच ऐकू आलं: “आणि माझं लोणचं?”

बॅग जड का लागतेय, हे तिला वर्गात कळलं. पाचवीची मुलं, मागच्या बाकावर प्रियदर्शिनी मॅडम, फळ्यावर झोकात लिहिलेलं ‘टेक’. सुम्बुलने चेन ओढली आणि सबंध वर्गात सुक्या मासळीचा बाजार भरला. ती न्हात असताना अम्मींनी आणि भाभींनी छत्री, टोपी, बाटली हा कचरा समजून बाहेर काढला होता, आणि गल्लीची नवी पार्सलं कोंबली होती. बोंबील, जवळा, खारवलेला बांगडा! आणि या सगळ्यावर कुणाचातरी नंबरचा चष्मा.

पाठ केलेले सगळे अर्थ सुम्बुलच्या डोक्यातून उडून गेले. मुलं नाक धरून खिदळत होती. मागून मॅडमचा रुमालातला आवाज आला. “टेक इट अवे! प्लीज!”

बुडणाऱ्याला ओंडका मिळावा तसं ते वाक्य तिला मिळालं. “मॅडम आत्ता काय म्हणाल्या?” तिने मुलांना विचारलं. “त्यातला ‘टेक’ कुठला?”

“घेऊन जा!” वर्ग ओरडला.

मग काय! तिने बांगडा हातात घेतला तो एक, चष्मा डोळ्यांवर चढवून उतरवला तो दुसरा, चिमूटभर जवळा घेतला तो तिसरा. एका मुलीने सांगितलं, की बॅग ओसरीत न्यायला किती वेळ लागेल, तिथेही ‘टेक’च येईल. तिथून अर्थ मुलंच काढत गेली, सुम्बुलने फक्त फळ्यावर लिहिले. तास संपला तेव्हा मॅडम खिडकीत तोंड घालून उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, “सोमवारपासून या. बॅगेशिवाय.”

परतीच्या मिनिडोअरमध्ये तिने मुरादला फोन करून खरं सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, “मी अयानसाठी छोटी गादी आणून ठेवली होती.” सुम्बुलने बाहेर पाहायला सुरुवात केली. सावित्री नदीचं पात्र आलं आणि गेलं, तरी तिला काही दिसलं नाही. “कुणाबरोबर तरी पाठवा,” ती शेवटी म्हणाली. “तो अजून मावेल त्यात.”

नोकरी तर मिळाली होती. पण ती करता येणार होती की नाही, ते घरी ओट्यावर बसलेलं होतं. अयानने सकाळपासून आकांत केला असणार. अम्मींचे गुडघे सुजले असणार. नाक्यापासून ती जवळजवळ पळतच आली. ओढणी एकीकडे, बॅग एकीकडे, छाती दुधाने भरून आलेली.

अयान अम्मींच्या मांडीवर गाढ झोपला होता. तोंडाला खिमटी लागलेली, मुठीत मोगऱ्याची पाकळी. आई गेल्याचं दुःख त्याला झालं असलंच, तर ते त्याने फार बाहेर दिसू दिलं नव्हतं. सुम्बुल त्याला उचलायला वाकली, तशी अम्मींनी तिचा हात धरला.

“राहू दे. आत्ताच झोपलाय.”

सुम्बुल पायरीवर बसली. खालच्या आवाजात म्हणाली, की मी तुम्हाला विचारायला हवं होतं.

“विचारलं असतंस तर नाय म्हणाले असते,” अम्मी म्हणाल्या. त्या अयानच्या केसांतून बोटं फिरवत होत्या. “मनानं विमानात बसवून बसले होते ना मी याला, इतके दिवस. आता नाय म्हणवत नाय.”

गल्लीत कुठेतरी कुकरची शिटी झाली.

“नोकरी मिळाली, अम्मी. सोमवारपासून बोलावलंय.”

अम्मींच्या कपाळाला आठी पडली.

“सोमवार?” अम्मी म्हणाल्या. “उद्यापासनं नाय घेत काय ते?”