आंबट मातीचे गुरुजी

आमचे शेजारी टेंभरे गुरुजी सकाळी दात घासले की माती चाखायचे. कुंडीतली चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, थुंकायचं आणि निकाल जाहीर करायचा, "नाही झाली आंबट अजून!"

गोंदियाजवळच्या कामठ्याच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलेल्या या एकट्या माणसाला हे व्यसन लावलं बुरांशाच्या रोपानं. बुरांश म्हणजे थंड डोंगरातलं, बारमाही हिरवं, लालभडक फुलांचं झुडूप. आणि आमच्या कामठ्यात मे महिन्यात कावळेसुद्धा धापा टाकतात!

रोप पाठवलं होतं मुलीनं. सुनीता नोकरीसाठी उत्तराखंडात गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली. गुरुजी लग्नाला गेले नाहीत. दोन वर्षं बापलेकीत अबोला. मग एक दिवस ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं हे रोप आलं, सोबत चिठ्ठी: 'आंबट माती आणि गारवा लागतो.'

गुरुजींनी चिठ्ठी शब्दशः घेतली. आमच्याकडचं आंबट ताक, चिंचेचा कोळ, पिळलेली लिंबं, सगळं कुंडीत! माझी बायको म्हणाली, "गुरुजी, आता फोडणी तेवढी द्या, कढी होते."

"विज्ञान हाय हे, बाई. गंमत नाही."

उन्हाळ्यात कूलर झाडापुढं आणि गुरुजी बनियनवर, हातात पंखा.

तरी एक पान पिवळं पडलंच, आणि गुरुजींचा धीर सुटला. रविवारी आमच्या घरी येऊन त्यांनी आमच्या फोनवरून दोन वर्षांत पहिल्यांदा मुलीचा नंबर फिरवला. "हॅलो, झाडाबद्दल बोलून राहिलो. पान पिवळं पडलं. काऊन?"

मग दर रविवारी फोन. "तिकडे थंडी किती हाय? झाडासाठी विचारून राहिलो." त्याच्या पुढच्या रविवारी, "जावई बरोबर जेवते न? नाही, घरात शांती असली का सल्ला बरोबर भेटते." मी पेपरामागं तोंड लपवून हसायचो.

पावसाळ्याआधीच झाड मेलं. मी डोळ्यांनी पाहिलं, कुंडीत नुसती वाळकी काडी. त्या रविवारी गुरुजी आले आणि खणखणीत आवाजात फोनवर म्हणाले, "नवीन पान फुटून राहिलं!" माझं हसू पेपरामागंच राहिलं.

संध्याकाळी सुनीताचा मला फोन. "काका, झाड मेलं न?"

मी खिडकीतून त्या वाळक्या काडीकडं पाहिलं.

"आपल्याकडं जगतच नाही ते. पाठवतानाच माहीत होतं मले. पण झाडापायी बाबाले फोन तर करा लागला न! त्यायले सांगू नका."

पुढच्या रविवारी गुरुजींनी कहरच केला. "कळी आली. लाल हाय. येऊन पाहून जा." रिसीव्हर ठेवला आणि घामाघूम झाले. "शनिवारी येऊन राहिली म्हणते! आता कळी कुठून आणू, भाऊ?"

"आमची जास्वंद लालच आहे की."

"पोरगी ओळखेल न!"

"ओळखू द्या, गुरुजी," मी म्हणालो.

गुरुजी जास्वंदीपाशी गेले, एकेक कळी निरखून पाहिली. फाटकापर्यंत जाऊन परत आले.

"शनिवारची दिल्लीकडची गाडी गोंदियाले किती वाजता येते?"