सुऱ्यावरचा एक डाग

सासऱ्यांना खूश करणं म्हणजे काय, माझ्या हातचा मळ! असं मी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी नवऱ्याला, विश्वजीतला, ठणकावून सांगितलं.

आमचे बाबा, म्हणजे नागोजीराव. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते, आणि त्यांचा एक सुरा घरात आहे. बाबांचा जीव त्या सुऱ्यात! पात्यावर कुणाचं बोट उमटलं की सगळी गल्ली ऐकायची, "मुट्टबेडा! हात लावू नका म्हटलं ना!" मी नाशिकची. लग्नानंतर कानडीतला पहिला शब्द मी हाच शिकले.

पण माघात सासूबाई, नर्मदाबाई, गेल्या आणि बाबांचं ओरडणंच थांबलं. रोज सकाळी सुरा पेटीतून काढायचे, भिंग धरून मुठीजवळचा एक तांबूस डाग बघत बसायचे आणि सुस्कारा टाकायचे. मला बघवेना हो! म्हटलं, हात थरथरतात बिचाऱ्यांचे, डाग निघत नाही, सांगणार कुणाला? आपणच काढू.

बाबा बहिणीकडे कृष्णराजनगरला गेले आणि मी रबरी हातमोजे चढवले. आधी चिंच. डाग ढिम्म! मग राखुंडी, मग पॉलिश.

"अवनी, बाबांना विचार तरी," विश्वजीत म्हणाला.

"अरे, विचारलं तर त्यात गंमत काय!"

खांदे भरून आले, पण डाग गेला! वर शिलाईमशीनच्या तेलाचा पातळ हात दिला आणि मऊ धोतराच्या तुकड्यात सुरा गुंडाळला. पात्यात मला माझं नाक स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळी बाबा आले. मी मोजे घालूनच सुरा पुढे केला. बोटं नकोत ना उमटायला!

"बघा बाबा! एक डाग नाही!"

बाबांनी भिंग काढलं. मुठीजवळ पाहिलं. पातं उलटं करून पाहिलं. मग मटकन खाली बसले.

"अय्यो पोरी... तो तिचा अंगठा होता गं."

मागच्या आयुधपूजेला सासूबाईंनी ओल्या कुंकवाचा अंगठा पात्यावर टेकवला होता. बाबा नेहमीसारखे ओरडले. "मी गेल्यावर पुसा की सावकाश!" त्या म्हणाल्या. बाबा रुसले, आणि पुसायचं राहूनच गेलं. ठसा गंजून पात्यात उतरला.

"तेवढंच राहिलं होतं तिचं," बाबा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. जगातलं कुठलं पॉलिश आता तो ठसा परत आणणार होतं?

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. पात्यावरचं तेलही स्वतःच पुसलं आणि विश्वजीतकडून ओल्या कुंकवाची वाटी मागवली.

"ये. घरची बाई आता तू. ठेव अंगठा."

"बाबा, डाग पडेल!"

"पडू दे की! उद्यापर्यंत तरी कशाला थांबायचं? आत्ताच ठेव."

मी हुंदके देत, डोळे मिटून, मनात सासूबाईंची माफी मागत अंगठा कुंकवात बुडवून पात्यावर दाबला. चांगला जोर लावून दाबला. उचलला. बाबांनी भिंग लावलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"एक रेघ नाही गं उमटली," ते हळूच म्हणाले. "पोरी, मोजा काढ!"