पत्र्यावरची भेळ

पुण्याजवळच्या माणमधले आमचे घरमालक सोपानआण्णा रोज सकाळी अंगणात उभे राहून कावळ्यांना शिव्या घालायचे. "फुकट्यांनो, नको तवा बरं येतायसा!" मी लातूरहून आयटीत आलेला भाडेकरू, माझा गजर तोच. तब्येत विचारली की ठरलेलं उत्तर, "आमचं समदं ठणठणीत हाय." लघवीला रात्रभर उठायचे, तरी ठणठणीत!

त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. लोक म्हणाले, "आण्णा, काय इच्छा ऱ्हायली आसंल तर कबूल करा." आण्णा गरजले, "तिची कसली इच्छा? समदं दिलंया!" शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

वर्षभरानं आण्णांची लघवीच अडली. त्यांची मुलगी मंदा आणि मी त्यांना पुण्याला नेलं. प्रोस्टेटचा तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. पुढं हाडांचा स्कॅन झाला, तर बरगडीवर डाग.

डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर हाडात पसरला असेल, किंवा बरगडी कधी मोडली असेल, डाग दोन्हीचा सारखाच दिसतो. कॅन्सर प्रोस्टेटच्या गाठीतच असेल तर बरा करता येईल. पसरला असेल तर अवघड आहे. मध्यंतरी कुठं पडला होता का?"

"न्हाई. ठणठणीत."

मंदाला रडू फुटलं. माझं डोकंच फिरलं. "आण्णा, जिवाशी खेळ चाललाय! पोरीकडं बघा तरी!"

आण्णांनी बघितलं. "पडलो हुतो. पत्र्यावरनं. मंदे, तुझी आई शेवटाला भेळ मागत हुती, बाजारातली. मी म्हनलं, गप ऱ्हा, पोट बिघडंल. कावळा शिवला न्हाई तवाच मला उमगलं. पर चारचौघांत कसं बोलायचं? मग गुपचूप भेळ आणली, पत्र्यावर ठिवाया चढलो, पाय घसरला."

डॉक्टरांनी तेवढ्याच बरगडीचा बारकाईनं फोटो काढायला लावला. हाड मोडून सांधलेलं होतं. कॅन्सर गाठीतच होता. मंदानं बापाचा हात धरला तो सोडेचना.

परतताना मी विचारलं, "मग भेळेला कावळा शिवला का?"

"कुटं? आजून रुसलीया."

पुढच्या बाजारी भेळ मी आणली. शिडीही मीच चढलो. खाली आण्णा शिडी घट्ट धरून उभे होते.

"कांदा जास्ती घातलाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "तिला लई लागायचा."