घोरपडीची ऊब आणि सत्काराच्या शाली

एका जंगलात वीज होती. हसू नका, मुलांनो. तुमच्याकडे जशी येते आणि जाते, तशी ती तिथं जात नसे. कारण ती कुणी पाठवतच नव्हतं. ज्याची त्यानं तयार केलेली होती.

त्या जंगलात एक टेकडी होती. टेकडीवर प्रत्येक बिळाच्या तोंडाशी एक सौरपाटी आणि बिळात एक पेटी. पेटी म्हणजे बॅटरी. दिवसा उन्हानं भरायची, संध्याकाळी वापरायची. एखाद्याची पेटी लवकर संपली, तर तो बिळातूनच ओरडायचा, "वायर टाका हो!" मग शेजारी वायर टाकायचा. आभार कुणी मानायचं नाही. आभार मानण्याइतकं ते मोठं काम आहे, हे अजून कुणी शिकवलं नव्हतं.

त्या टेकडीवर सगुणा घोरपड राहायची. घोरपडीचं रक्त थंड असतं, मुलांनो. कोंबडीसारखं बसून अंडी उबवणं तिला जमत नाही. त्यातून यंदा तिची अंडी उशिरा झाली, अगदी थंडीच्या तोंडावर. म्हणून तिनं अंड्यांवर एक मोठा बल्ब टांगला होता. पेटीतली वीज बल्बला, बल्बची ऊब अंड्यांना. सगुणाचा सगळा संसार त्या एका बल्बखाली होता.

एक दिवस टेकडीवर खंड्या आला. निळा कोट, पांढरा शर्ट, लांब चोच. येऊन तो तारेवर बसला. वीज जिच्यातून जाते त्या तारेवर बसायचं, हाच त्याचा धंदा होता. या धंद्याला स्वतःची पेटी लागत नाही.

"तुमच्या पेट्या दिवसभर काय करतात?" त्यानं विचारलं.

"भरतात," टेकडी म्हणाली.

"आणि रात्री?"

"रिकाम्या होतात."

"अरेरे!" खंड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मासे खाणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी लवकर येतं. "एवढी मालमत्ता नुसती घरात पडून! दुपारी वीज स्वस्त असते, संध्याकाळी महाग. स्वस्तात भरायची, महागात विकायची. कुणाची पेटी कधी भरायची, कधी ओतायची, ते आमचं यंत्र ठरवेल. तुम्ही काही करायचं नाही. विक्रीतला वाटा घरपोच."

शेजारची भीमाकाकू खवले-मांजर होती. तिनं अंगाची गुंडाळी सोडून डोकं बाहेर काढलं. "पण घेणार कोण एवढी वीज?"

"बाजार," खंड्या म्हणाला.

बाजार हे उत्तर मिळाल्यावर पुढं विचारायचं नसतं, मुलांनो. शाळेत तुम्हाला हे शिकवतीलच. समोरच्या डोंगरावर वाघानं गरम पाण्याचा तलाव बांधला होता आणि संध्याकाळी तिथं वाफा निघायच्या. पण त्याचा इथं काय संबंध?

सगळ्यांनी पेट्या खंड्याच्या तारेला जोडल्या. वाटा येऊ लागला. मोठा तुकडा तारेवर राहायचा, छोटा बिळात यायचा. तरी फुकटचा म्हणून गोड लागायचा. संध्याकाळी पेट्या विकल्या जायच्या, पण जेवणं होईपर्यंत भाव उतरायचा आणि यंत्र बाहेरून वीज घेऊन पेट्या पुन्हा थोड्या भरायचं. कुणाला काही जाणवलं नाही. वायर टाकणं मात्र बंद झालं. खंड्यानं सांगितलं होतं, "फुकट देऊन बाजार नासवू नका."

सगुणाही जोडली गेली होती. पण पेटीवर 'राखीव' असं लिहिलेलं एक बटण होतं. जेवढं फिरवाल तेवढी वीज आपल्यासाठी मागं राहायची. सगुणानं ते अर्ध्यावर ठेवलं होतं. बल्ब कधी विझला नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग खंड्यानं सत्कार काढले.

तुम्हाला ठाऊक आहे, मुलांनो, आपल्याकडे माणूस पैशाला एखाद वेळी नाही म्हणेल, सत्काराला म्हणत नाही. जनावरांचंही तसंच. ज्यांचं राखीव शून्य, त्यांचा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ, स्टेजवर खुर्ची आणि 'ऊर्जारत्न' ही पदवी. टेकडीचं मंडळ ज्याच्या हातात होतं, त्या साळिंदर अण्णांचा पहिला सत्कार झाला. शाल काट्यांत अशी अडकली की काढता येईना. अण्णा तशीच घेऊन हिंडू लागले. काढायची इच्छा होती असंही नाही.

मग फर्मान निघालं. आख्खी टेकडी शून्यावर आली, तर आख्ख्या टेकडीचा सत्कार.

अण्णा सगुणाच्या दारात आले. बरोबर खंड्या.

"सगुणे, तुझ्या एका बटणापायी सगळ्यांच्या शाली अडल्यात."

"अण्णा, अंडी आहेत माझी."

"अंडी कुणाला होत नाहीत? माझ्या आईला दिवा तरी होता का?"

"तुमच्या आईनं अंडी कुठं घातली, अण्णा?"

अण्णांचे काटे उभे राहिले. खंड्या मध्ये पडला. "ताई, काळजी कशाला? आमचं यंत्र हवामान बघतं, भाव बघतं, मागणी बघतं."

"अंडी बघतं का?"

"ती सोय लवकरच येणार आहे."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका तिच्याशी बोलेनात. एकीनं तर मोठ्यानं म्हटलं, "काहींना आपल्या बिळापलीकडं जगच नसतं बाई." सगुणा पाणी न पिताच परतली. आणि खरं सांगायचं तर तिला आजवर कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. सरपटणाऱ्यांना बोलावत नाहीत. तिनं अंड्यांकडं पाहिलं, बल्बकडं पाहिलं आणि बटण शून्यावर नेलं. रोज पेटी पुन्हा भरते, आजही भरेल, असं ती स्वतःशीच म्हणाली.

सत्काराच्या दिवशी थंडी पडली. अशी की तळ्याकाठचं गवत पांढरं झालं. दिवसभर धुकं, म्हणून ऊन नाही. ऊन नाही म्हणून सगळ्या जंगलात वीज कमी. वीज कमी म्हणून भाव चढलेला. आणि भाव चढलेला म्हणून दिवस मावळताच यंत्रानं टेकडीवरच्या सगळ्या पेट्या एकदम ओतल्या. यंत्र हुशार होतं. अशा संधी रोज येत नाहीत.

सगुणाचा बल्ब पिवळा झाला, मग तांबडा, मग गेला. अंधारात पेटी गोड आवाजात बोलली, "अभिनंदन! आज तुम्हाला विक्रमी भाव मिळाला आहे."

सगुणानं बिळातून हाक मारली. "भीमाकाकू! वायर टाका हो!"

"अगं, मीच अंधारात बसलेय! माझ्याही पेटीनं आत्ताच अभिनंदन केलं माझं!"

तिनं पलीकडं हाक मारली. पलीकडूनही अभिनंदनच ऐकू आलं. सगळ्या टेकडीचं अभिनंदन झालं होतं.

एकाच ठिकाणी उजेड होता. सत्काराच्या मंडपात. सगुणानं अंडी टोपलीत घेतली आणि निघाली. थंडीनं तिचेच पाय आखडत होते. दोन पावलं चालावी, थांबावी, टोपलीवर पोट टेकावं. पोटही गारच. मंडपात पोचली तेव्हा भीमाकाकूसकट सगळी टेकडी तिथं आधीच जमली होती आणि तिचं नाव पुकारत होते. टाळ्या झाल्या. ती स्टेजवर चढली, खुर्ची ओलांडून गेली आणि फोटोसाठी लावलेल्या मोठ्या दिव्याखाली टोपली ठेवून बसली.

"ताई, टोपली जरा बाजूला," खंड्या हसत कुजबुजला. "फोटोत येतेय."

"येऊ दे."

"अहो, प्रमुख पाहुणे उभे आहेत!"

"माझी मुलं आडवी आहेत."

समोरची मंडळी खुसखुसली. खंड्यानं प्रसंग सावरला आणि माईक हातात घेतला. "मित्रहो, आमच्या यंत्राचं वैशिष्ट्य काय? ते भेदभाव करत नाही. लहान-मोठा पाहत नाही. जिथं भाव जास्त, तिथं वीज. ते आमचंसुद्धा ऐकत ना—"

मंडप काळा झाला.

यंत्रानं हिशेब केला होता. भाषणापेक्षा वाघाचा तलाव जास्त भाव देत होता. समोरच्या डोंगरावर दिवे झळाळले आणि वाफेचा लोट वर चढला. इतका सुंदर, की क्षणभर सगळे बघतच राहिले.

"माझी अंडी," सगुणा म्हणाली. ओरडली नाही. थंडीनं तिचा आवाज निघत नव्हता.

तेव्हा भीमाकाकू उठली. तिनं आपली शाल काढली आणि टोपलीवर घातली. मग दुसरी शाल आली, तिसरी आली. गठ्ठ्यात बांधलेल्या, अजून कुणाच्या खांद्यावर न पडलेल्या शालीही आल्या. शेवटी दोघांनी साळिंदर अण्णांना धरलं आणि काट्यांतून शाल ओढून काढली. अण्णा कळवळले. वेदनेनं की दुःखानं, ते कळलं नाही. सगळी टेकडी टोपलीभोवती दाटीनं बसली. भीमाकाकू टोपलीला वेटोळं घालून बसली. सकाळी ऊन आलं.

एक अंडं गेलं होतं. पांढरंशुभ्र, कुठं चीर नाही, फक्त गार. बाकीच्यांतून पुढं पिल्लं निघाली.

खंड्यानं जाहिरात केली, 'आमच्या शालींनी वाचवले नवे जीव'. गेलेल्या अंड्याबद्दल त्याचं म्हणणं असं, की मोठ्या योजनेत असं किरकोळ व्हायचंच. सगुणानं ते अंडं बिळाच्या दारात पुरलं, राखीवचं बटण पूर्ण फिरवलं आणि खंड्याच्या तारेची वायर दातांनी तोडली.

टेकडी शहाणी झाली का, मुलांनो? वाटा चालूच होता. पेट्याही ओतल्या जातच राहिल्या. पुढची थंडी आली, तेव्हा टेकडीवर एकाच बिळात उजेड होता. आणि त्या बिळाच्या दारात सगळे ऊर्जारत्न शाली पांघरून उभे होते.

"सगुणे, वायर टाक ना ग."

सगुणानं टाकली. आधी भीमाकाकूला, मग पाणवठ्यावरच्या बायकांना. अण्णांना जरा थांबवलं, पण टाकली.

सकाळी मंडळाची सभा भरली. सगुणा फुकट वीज वाटून बाजार नासवते, असा ठराव खंड्यानं मांडला. अण्णांनी अनुमोदन दिलं. भीमाकाकू अंगाची गुंडाळी करून गप्प बसली. ठराव मंजूर झाला. रात्री बिळं गरम राहिल्यामुळे सगळ्यांची झोप छान झाली होती. सभा अतिशय उत्साहात पार पडली.

तात्पर्य : घरची ऊब खुशाल बाजारात विकावी, सत्कार घ्यावा, शाल जपून ठेवावी. फक्त शेजारी एखादी अडाणी घोरपड राहते ना, एवढी खात्री आधी करून घ्यावी.