वाईच्या वाटेवरचं गणगोत

विंझरच्या आनंदरावांची राधी म्हैस सगुणाबाईंखेरीज कुणालाही धार काढू देत नसे. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला, की ती पान्हा चोरायची आणि वर एक लाथ द्यायची. राधीची आईही तसलीच होती. त्यामुळे सगुणाबाई लग्नकार्याला जात, पण संध्याकाळच्या धारेला घरी हजर असत. गावातल्या साऱ्या बायका वाईला जाऊन आल्या होत्या. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, नदीकाठची देवळं यांची वर्णनं सगुणाबाईंनी इतकी ऐकली होती, की घाटाची कुठली पायरी निसरडी आहे हेही त्या सांगू शकत. पाहिली मात्र एकही नव्हती. "मरायच्या आत एकदा त्या गणपतीफुडं उभं ऱ्हायचंय मला," असं त्या म्हणत, आणि आनंदराव "जाऊ की" म्हणून कूस बदलत.

यंदा पुतण्या पप्पूने जुनी का होईना, पण जीप घेतली आणि आनंदरावांची कूस बदलायची सोय गेली.

"काकी, संकष्टीला सकाळची धार काढून गाडीत बसा," पप्पू म्हणाला. "सांजच्या धारेला तुमास्नी गोठ्याच्या दारात सोडतो."

आनंदरावांनी गुडघेदुखीचं नाव काढून पाहिलं. पण चालायचं जीपला होतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. निघताना सून नूतनने दोघांचा जीपपुढे फोटो काढला आणि 'आत्या-मामा निघाले वाईला' असं लिहून मोबाईलवर स्टेटस ठेवलं. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या रस्त्यावर आपल्या सासरचं किती गणगोत बसलेलं आहे, याचा तिला अंदाज नव्हता इतकंच.

कापूरहोळ सोडून जीप भोरच्या रस्त्याला लागली. भाटघरच्या अलीकडे एका फाट्यावर सगुणाबाईंची चुलत बहीण साळूबाई भर रस्त्यात दोन्ही हात पसरून उभी होती. पप्पूला ब्रेक दाबावाच लागला.

"काय वो दाजी, दारावरनं निघून चालला व्हय? फोटू बघितल्यापासनं उभी हाय मी हितं!"

"साळू, येताना येतो गं. देवाला निघालोय."

"देव काय पळून चाललाय? घोटभर च्या घ्या अन् जावा."

आनंदरावांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं, तर सगुणाबाई दुसऱ्या बाजूने उतरल्याही होत्या. माहेरचं माणूस होतं. घोटभर चहानं काय बिघडतंय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

घोटभर चहासाठी साळूबाईंनी आधी साबुदाणा परतायला घेतला. सगुणाबाईंचा संकष्टीचा उपास होता. आनंदरावांचा नव्हता, पण देवाला निघालेल्या माणसाला भाकरी कशी वाढायची, म्हणून त्यांच्याही पुढे खिचडीचं ताट आलं. मग ओटी भरणं झालं, मग पप्पूचं लग्न का जमत नाही याची चौकशी झाली. चहा आला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं.

"आता वाईपत्तुर कुठंबी थांबायचं न्हाई," जीपमध्ये बसताना आनंदरावांनी बजावलं. भोरमध्ये त्यांच्या लेकीचं, मोहिनीचं सासर होतं. पप्पूने बाजारपेठ टाळून मागच्या गल्लीने गाडी काढायचं ठरवलं. पण भोर यायच्या आतच मोबाईल वाजला. मोहिनीची सासू ठकुबाई बोलत होत्या. साळूबाईंनी त्यांना कौतुकाने सगळं कळवलं होतं.

"पाव्हणं, साळूबाईंकडं खिचडी खाल्ली म्हनं तुमी. आमच्या घरात काय इख कालवून ठेवलंय का?"

"छे, छे! आमी तुमच्याकडंच निघालोय की!" आनंदराव घाईघाईने बोलून गेले. ठकुबाईंचा राग आपल्याला नव्हे, लेकीला भोगावा लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ठकुबाईंकडे भगर आणि शेंगदाण्याची आमटी होती. आधीची खिचडी अजून गळ्याशीच होती, पण विहीणबाई वाढत होत्या आणि मोहिनी दारामागून डोळ्यांनी विनवत होती. खाऊन उठावं, तर ठकुबाई म्हणाल्या, "आमच्या मालकास्नी भेटल्याबिगर कसं जाता? शेतातनं येत्यालच इतक्यात."

मालक इतक्यात आले नाहीत. सगुणाबाई घड्याळाकडे बघत राहिल्या आणि आनंदराव बसल्या जागी पेंगत राहिले. मधे नूतनचा फोन आला.

"आत्या, राधी आत्तापासनंच दाराकडं बघतीया. तुमी येळंवर याल न्हवं?"

"येते गं बाई," असं म्हणताना सगुणाबाईंचा आवाज रडवेला झाला. उन्हं कलल्यावर व्याही आले, त्यांनी आंघोळ केली, आनंदरावांना टोपी-टॉवेल दिला आणि "आता आलाच हाय तर मुक्काम करा" म्हणाले. त्यातून सुटता सुटता आणखी एकदा चहा झाला.

जीप आंबवड्याच्या रस्त्याला लागली. आंबवड्याला आनंदरावांची सख्खी बहीण सोजराबाई राहत होती.

"आता आंबवड्याला थांबायचं न्हाई हां," सगुणाबाई म्हणाल्या.

खरं तर आनंदरावांनाही थांबायचं नव्हतं. त्यांच्या पोटात जागा नव्हती आणि अंगात त्राण नव्हतं. पण बायकोच्या तोंडून ते ऐकल्यावर त्यांचं डोकं फिरलं.

"तुझ्या बहिणीकडं थांबलो, लेकीच्या सासरी थांबलो. माझीच बहीण तेवढी वाटंत पडलीया व्हय?"

बोलून गेल्यावर त्यांना पस्तावा झाला, पण पप्पूने आज्ञाधारकपणे गाडी सोजराबाईंच्या दारात नेऊन उभी केली होती. सोजराबाई भावाच्या गळ्यात पडून रडली, मग तिने रताळी किसायला घेतली.

सगुणाबाई ओट्यावर बसून समोरच्या डोंगराकडे बघत होत्या.

"वन्सं, वाई ह्या डोंगरापल्याडच ना?"

"व्हय वैनी. मांढरदेवचा घाट चढायचा अन् पल्याड उतरायचं. आलीच की मग."

सगुणाबाईंनी डोंगराकडे आणखी थोडा वेळ पाहिलं. मग पदराने तोंड पुसून त्या उठल्या.

"पप्पू, गाडी माघारी घे. राधीची येळ झाली."

आनंदराव उभे राहिले. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. "अगं, एक दिवस ऱ्हाऊ दे तिचं," ते म्हणाले. "रेडकू पिईल. चल, घाटच तेवढा ऱ्हायलाय."

"अन् कास सुजली म्हंजी? मुकं जनावर हाय ते."

सगुणाबाई आधीच जाऊन जीपमध्ये बसल्या होत्या. जीप परतीच्या वाटेला लागली. सीटखाली तीन घरच्या ओटीचे नारळ प्रत्येक वळणावर इकडून तिकडे गडगडत होते. भोर आलं, भाटघर मागे पडलं. जाताना ज्यांनी अडवलं होतं, त्यांतलं कुणीही आता रस्त्यावर नव्हतं.

दिवेलागणीला जीप विंझरला गोठ्यासमोर येऊन थांबली. राधी निवांत रवंथ करत उभी होती. तिच्या शेजारी फेसाने भरलेली बादली होती, आणि बादलीशेजारी सगुणाबाईंचं रोजचं हिरवं लुगडं नेसलेली नूतन.

"आत्या! एवढ्यात आला? वाई झाली बघून?"

"धार कुणी काढली?" सगुणाबाईंनी विचारलं.

"मीच. तुमचं लुगडं नेसले, अन् तुमच्यावानी शिव्या देत बसले. गप उभी ऱ्हायली की! मघाधरनं फोन करतीया तुमास्नी, सावकाश या म्हनून. लागतच न्हवता."

सगुणाबाईंचा एक पाय जीपच्या पायरीवर होता. त्यांनी बादलीकडे पाहिलं, सुनेच्या अंगावरच्या लुगड्याकडे पाहिलं आणि मग राधीकडे पाहिलं. राधीने नुसते कान हलवले.

"म्हंजी जन्मभर ही बया लुगडंच वळखत हुती," त्या हळूच म्हणाल्या. "अन् मी म्हनायचे, माझ्याबिगर तिला करमत न्हाई."

आता ही रडणार, असं आनंदरावांना वाटलं. धीर द्यायला चार शब्दही त्यांनी मनात जुळवले. खाली उतरून त्यांनी चपला काढूनही ठेवल्या होत्या, ओसरीवर खाट दिसत होती, आणि चार शब्द बोलून झाले की आडवं व्हायचं, एवढाच त्यांचा बेत होता. पण सगुणाबाईंनी पायरीवरचा पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं.

"पप्पू, डिझेल हाय का गाडीत?"

"हाय की. पर काकी, आत्ता?"

"आज संकष्टी हाय. चंद्र उगवंस्तवर देऊळ काय बंद हुतंय? चल. अन् भोरवरनं जायचं न्हाई. हायवेनं सारोळ्याच्या पुलावरनं घे. त्या रस्त्याला आपलं कुणीसुदिक न्हाई."

"अगं, पर माझे गुडघे..." आनंदराव म्हणाले.

"तुमी ऱ्हावा घरी," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "नूतन दूध तापवून दील."

पप्पूने जीप सुरू केली. आनंदरावांनी एकदा ओसरीवरच्या खाटेकडे पाहिलं, मग काढलेल्या चपला पुन्हा पायात घालून ते मागच्या सीटवर जाऊन बसले.